गुडघा वाकत नाही आणि वकील कोण ते माहीत नाही

पत्र असं आहे:

“नमस्कार ताई. आम्ही हिंगणा रोडला राहतो. माझे मिस्टर टाइल्स मिस्त्री आहेत, वय 37. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री एमआयडीसीकडून दुचाकीने घरी येताना त्यांना मागून छोट्या हत्तीने (मालवाहू टेम्पोने) उडवलं. उजव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं, आतमध्ये प्लेट टाकली. आतापर्यंत 1 लाख 85 हजार खर्च झाला, माझं मंगळसूत्र गहाण आहे. एफआयआर झाला, गाडीचा नंबर आहे. दवाखान्यात असतानाच एक माणूस आला होता. म्हणाला, ‘वकीलसाहेबांकडून आलो, क्लेम करून देतो, आत्ता काही द्यायचं नाही, पैसे आले की 30 टक्के.’ मिस्टरांच्या चार-पाच कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, एक कोरा चेकही नेला. वकीलसाहेबांना आम्ही अजून पाहिलं नाही. आता गाडीमालक म्हणतो, 60,000 देतो, स्टॅम्पवर लिहून द्या की आमची काही तक्रार नाही. दीर म्हणतात घेऊन टाका, कोर्टात गेलं तर पोट्ट्यांची लग्नं होतील तोवर. डॉक्टर म्हणाले, 18 टक्के अपंगत्व येईल. मिस्टर चालतात, पण खाली बसता येत नाही. साडेचार महिने झाले. काय करावं?”

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलं आहे: चालतात, पण खाली बसता येत नाही. तुमचा सगळा दावा या एका वाक्यावर उभा आहे. त्याच्याकडे येते, पण त्याआधी तारीख.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि नुकसानभरपाईच्या नव्या तरतुदी 1 एप्रिल 2022 पासून लागू झाल्या. त्यानुसार अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे हे खरं, पण दुसऱ्याच्या लढाईच्या भरवशावर आपली तारीख जाऊ देऊ नये. तुमचे सहा महिने मार्चअखेर भरतात. बरेच लोक अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत, प्लेट निघेपर्यंत, पाय ‘पूर्ण बरा’ होईपर्यंत थांबतात. थांबायचं कारण नाही. अर्ज आधी जातो, प्रमाणपत्र पुराव्याच्या वेळी येतं.

मग पहिला प्रश्न हा की अर्ज गेला आहे का? कोऱ्या कागदांवर सह्या नेल्या म्हणजे दावा दाखल झाला असं नाही. ई-कोर्ट्सच्या अॅपवर नागपूर जिल्हा न्यायालय निवडून मिस्टरांच्या नावाने शोधा. दाखल असेल तर एम.ए.सी.पी. नंबर, म्हणजे मोटार अपघात दाव्याचा नंबर, दिसेल आणि वकिलाचं नावही दिसेल. अॅप जमत नसेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जाऊन फाइलिंगच्या खिडकीवर विचारा. पोलीस ठाण्यातही एक फेरी मारा. 2022 च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तो अहवालसुद्धा दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. पाठवला का, कधी पाठवला, प्रत द्या म्हणा. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, गाडीचं आरसी, चालकाचं लायसन्स आणि विमा पॉलिसी, या सगळ्यांच्या प्रती तिथूनच मिळतील. पोलिसांनी अहवाल पाठवला असला तरी आपला स्वतंत्र अर्ज करायचाच.

आता गुडघा.

मी वकिली सुरू केली तेव्हा पहिली सात वर्षं विमा कंपन्यांच्या बाजूने उभी राहत होते, नंतर जखमींच्या बाजूला आले. म्हणून समोरचा वकील मिस्टरांना काय विचारणार ते तुम्हाला आत्ताच सांगते, कारण ते प्रश्न मी स्वतः शेकडो वेळा विचारले आहेत. “तुम्ही आज कोर्टात कसे आलात? ऑटोने? ऑटोतून उतरून चालत आलात ना? जिना चढलात? कुबडी नाही ना हातात?” समोरचा साधा माणूस प्रत्येक प्रश्नाला “हो साहेब” म्हणतो, कारण ते खरंच असतं. पाच मिनिटांत कागदावर असा माणूस तयार होतो की ज्याला काहीही झालेलं नाही.

आणि तो माणूस टाइल्स मिस्त्री आहे हे कुणीच विचारलेलं नसतं. टाइल्सचं काम म्हणजे दिवसभर उकिडवं बसायचं, गुडघ्यावर सरकायचं, लेव्हल बघायला वाकायचं, पुन्हा बसायचं. उभ्याने फरशी बसवता येत नाही. ज्याचा गुडघा वाकत नाही तो माणूस रस्त्यावरून नीट चालत जाऊ शकतो आणि तरीही त्याचा धंदा संपलेला असू शकतो.

कायद्याला हे कळतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की डॉक्टरने लिहिलेले अपंगत्वाचे टक्के आणि कमाईची ताकद किती गेली याचे टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकालातलं उदाहरण फार बोलकं आहे: डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण 60 टक्के धरलं जाईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के गेली, आणि तोच सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित जाणारच नाही. हात तोच, माणूस वेगळा, भरपाई वेगळी.

म्हणून डॉक्टरांचे ते 18 टक्के ऐकून गप्प बसू नका. हिशोब करून दाखवते. मिस्टर 15,000 रुपये महिना कमावतात असं कोर्टाने मान्य केलं असं धरू. वर्षाचे झाले 1,80,000. स्वतःचा धंदा आणि वय 40 च्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के धरायचे. हे 2017 च्या प्रणय सेठी निकालाने ठरलं. झाले 2,52,000. वय 36 ते 40 असेल तर गुणक 15, म्हणजे वर्षाच्या रकमेला 15 ने गुणायचं, हा तक्ता सरला वर्मा या 2009 च्या निकालातला. आता कमाईची ताकद 40 टक्के गेली असं पटवता आलं तर रक्कम 15,12,000 येते. तुमच्या वकिलाने नुसतं डॉक्टरचं सर्टिफिकेट लावून 18 टक्क्यांवर समाधान मानलं तर 6,80,400. उत्पन्नाचा पुरावाच दिला नाही आणि कोर्टाने अंदाजाने 9,000 धरले, टक्के 18 च राहिले, तर 4,08,240. माणूस तोच, गुडघा तोच. माझे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, पण फरक कुठून येतो ते बघा.

यात दवाखान्याचा खर्च, औषधं, ये-जा, खुराक, इतके महिने बुडालेली मजुरी, पुढे प्लेट काढायचं ऑपरेशन, वेदना हे सगळं वेगळं मिळतं. तुम्ही घरी बसून त्यांची सेवा केली, तुमचं काम सुटलं असेल, तर मदतनिसाचा खर्च म्हणून तेही मागता येतं. बायका हे सांगतच नाहीत, “माझं काय एवढं” म्हणतात. सांगा.

उत्पन्नाचा पुरावा कुठून आणायचा? पगाराची स्लिप नाही, मान्य. पण ज्यांच्याकडे काम करत होते ते ठेकेदार आहेत, ज्यांच्या घरात फरश्या बसवल्या ती माणसं आहेत, फोनपेवर आलेल्या पैशांच्या नोंदी आहेत, पासबुक आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी केली होती का? ज्या कार्डावर भांड्यांचा संच मिळतो ना, तेच. टाइल्स मिस्त्री त्यात बसतो, आणि ते कार्ड कोर्टात “हा माणूस खरंच मिस्त्री आहे” हे सांगायला फार उपयोगी पडतं. एका ठेकेदाराला साक्षीला यायला तयार करा. चांगला ठेकेदार नुसता पगार सांगत नाही, तो सांगतो: “साहेब, हा आता खाली बसू शकत नाही, मी याला काम देऊ शकत नाही.” या एका वाक्याने समोरच्या वकिलाचं जिना चढण्याचं सगळं बांधकाम खाली येतं.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात बोर्डासमोर जावं लागेल. जाताना हाडाचे सगळे एक्स-रे, ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो ते प्रमाणपत्रात लिहून यावं, नुसते टक्के नकोत. आणि ते प्रमाणपत्र फाइलला टाचून भागत नाही. डॉक्टरला साक्षीला बोलवावं लागतं. जे वकील म्हणतात “डॉक्टरला कशाला त्रास द्यायचा, सर्टिफिकेट आहे ना”, त्यांना त्रास डॉक्टरचा नाही, स्वतःचा वाचवायचा असतो.

इथे तुमच्या 30 टक्केवाल्यांकडे येते.

अमेरिकेत “जिंकलो तरच फी, जिंकलेल्या रकमेतला वाटा” हा वकिलाचा कायदेशीर धंदा आहे, तिथे तशा जाहिराती लागतात. आपल्याकडे नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला बंदी आहे. दवाखान्यात माणसं पाठवून पक्षकार गोळा करायलाही बंदी आहे. म्हणजे तुमच्या खाटेपाशी आलेला तो माणूस दोन नियम एका वाक्यात मोडून गेला. नागपुरात असे किती जण टक्क्यांवर काम करतात ते मला माहीत आहे, तुमच्याही ओळखीत सापडतील. काही जण कामही चांगलं करतात. पण टक्केवारीत एक खोट आहे, ती सांगते. ज्याला रकमेचा वाटा हवा असतो त्याला पैसा लवकर हवा असतो. लोकअदालतीत 4 लाखांत मिटवलं तर त्याचे 1 लाख 20 हजार आजच झाले. ठेकेदार शोधणं, डॉक्टरला समन्स काढणं, दोन वर्षं उलटतपासण्या करणं, हे त्याला परवडत नाही. तुम्हाला मात्र परवडतं, कारण गुडघा तुमच्या घरात आहे.

कोऱ्या चेकचं आणि कोऱ्या कागदांचं आजच मिटवा. चेकचं पेमेंट थांबवण्याचा अर्ज बँकेत द्या. त्या वकिलाला स्वतः भेटा, एजंटला नाही. “आमचा दावा दाखल आहे का, नंबर द्या, अर्जाची प्रत द्या” एवढं विचारा. दावा दाखल नसेल तर सह्यांचे ते कोरे कागद परत मागा आणि मागितल्याचं लेखी पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. दाखल असेल आणि तुम्हाला वकील बदलायचा असेल तर तो तुमचा हक्क आहे. नवा वकील जुन्याची ना-हरकत घेईल. जुना देत नसेल तर कोर्टाच्या परवानगीने बदलता येतो. जुना वकील म्हणाला की फी दिल्याशिवाय कागद देणार नाही, तर ऐकून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे की थकलेल्या फीसाठी वकील पक्षकाराचे कागद अडवून ठेवू शकत नाही. आणि फारच अरेरावी झाली तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

नवा वकील कसा निवडायचा? माझी एकच चाचणी आहे. पहिल्या भेटीत तो मिस्टरांना “काम काय करता आणि आता त्यातलं काय जमत नाही” हे विचारतो का? विचारून दहा मिनिटं ऐकतो का? की थेट पॉलिसीचा नंबर मागतो? फी ठरवताना टप्पे ठरवा: दाखल करताना इतकी, पुराव्याला इतकी, निकालानंतर इतकी. पावती घ्या. मूळ कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ पुराव्याच्या दिवशी कोर्टात दाखल होतील, तेही तुमच्या समोर.

आणि फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे वकील फुकट मिळतो. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत असलेल्या माणसाला हा हक्क आहे, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना तर उत्पन्न न बघता. फोन नंबर 15100. फुकटचा वकील म्हणजे वाईट वकील असं दीर म्हणतील. मी त्या यादीत अनेक वर्षं होते, त्यामुळे यावर माझं मत पक्षपाती आहे असं समजा आणि जाऊन बघा.

आता ते 60,000.

तुमचा दवाखान्याचा खर्चच त्याच्या तिप्पट झाला आहे. मालक का देतो आहे याचा विचार करा. गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई कंपनीने द्यायची असते, मालकाच्या खिशाला सहसा हात लागत नाही. मग तो स्टॅम्प घेऊन का फिरतो? माझ्या अनुभवात अशा वेळी बहुतेकदा विमा संपलेला असतो, नाहीतर चालकाचं लायसन्स नसतं किंवा चुकीच्या वर्गाचं असतं. गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाका, विमा कधीपर्यंत आहे ते दिसेल. विमा असून लायसन्स नसेल तर कोर्ट अनेकदा कंपनीला सांगतं की जखमीला आधी पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. मालकाला त्या वसुलीची भीती असणार. विमाच नसेल तर भरपाई मालकाकडून वसूल करावी लागेल आणि ते अवघड असतं, हे लपवत नाही. तेव्हाही 60,000 हा आकडा कशाच्या आधाराने आला ते त्याला विचारा.

आणि पोलीस केस तुम्ही स्टॅम्पवर लिहून देऊन मिटत नाही. बेदरकार गाडी चालवण्याचा गुन्हा सरकार विरुद्ध चालक असा चालतो. तुमच्या त्या कागदाचा उपयोग त्याला फक्त एकाच ठिकाणी होईल: तुमच्या दाव्यात, तुमच्याविरुद्ध.

आणखी एक वाट कुणीतरी दाखवेल, म्हणून आधीच सांगते. कायद्याच्या 164 कलमाखाली चूक कुणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. हाड मोडणं गंभीर दुखापतीतच येतं. ऐकायला छान आहे, पैसे लवकर येतात. पण ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. मागून धडक बसली आहे, चूक कुणाची ते पंचनामा सांगतो, तेव्हा तुमच्यासारख्यांनी ही वाट धरायचं कारण मला दिसत नाही. मंगळसूत्र सोडवायची घाई मी समजू शकते, तरीही.

लोकअदालतीला मी विरोध करत नाही. पुरावा नोंदवून झाला, डॉक्टर येऊन गेला, ठेकेदार बोलून गेला, आणि मग विमा कंपनी आकडा घेऊन आली तर जरूर बसा. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, हे डोक्यात ठेवून बसा. पुराव्याच्या आधी बसलात तर त्यांच्या आकड्यावर बसाल.

दिरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. वेळ लागतो. पण दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, आणि आदेश झाल्यावर पैसे तुमच्याच बँक खात्यात जमा करून घ्या, एजंटच्या हातात चेक पडू देऊ नका. तरुण दावेदार असेल तर काही भाग मुदत ठेवीत ठेवायला कोर्ट सांगू शकतं, त्याने रागावू नका. निकाल कमी वाटला तर 90 दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील आहे.

मिस्टरांनी हेल्मेट घातलं होतं का, लायसन्स होतं का, हे तुम्ही लिहिलं नाही. वकिलाला खरं सांगा. समोरचे विचारतीलच. दुखापत गुडघ्याला आहे, डोक्याला नाही, त्यामुळे हेल्मेट नसण्याचा गुडघ्याशी संबंध काय हे त्यांना सांगावं लागेल. खोटं बोललात तर मात्र बाकीच्या खऱ्यावरचाही विश्वास जातो.

एवढं सांगून एक काम देते. आज रात्री मिस्टरांच्या शेजारी बसा आणि अपघाताच्या आदल्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत त्यांनी कामावर काय-काय केलं ते त्यांच्या तोंडून लिहून काढा. पोतं कुणी उचललं, मसाला कुणी कालवला, फरशी कापताना कसे बसले होते, कोपऱ्यातली शेवटची लाइन कशी बसवली. मग प्रत्येक ओळीसमोर आज ते जमतं की नाही एवढंच लिहा. तो कागद आणि एक्स-रेच्या प्लेटी, उन्हात नाही, पाकिटात, असं घेऊन वकिलाकडे जा. दावा दाखल झाला की नंबर मला कळवा.